कुटुंबप्रमुख

गुरुवारच्या टपालात कोर्टाचं पाकीट
हात न लावता ओळखू येतं.
पत्त्यावर नाव कंपनीचं,
आणि आत, चौथ्या ओळीत, ज्याचं नाव
तो त्या घटकेला खाली शेडमध्ये
काळी काच डोळ्यांवर ओढून
पाइपाला पाइप जोडत असतो.

सत्तावीस वर्षं या खिडकीमागे मी पगार काढते.
हेस्टिंग्ज, नेब्रास्का.
मक्याला पाणी देणारे लांबच लांब पाइप बनवतो आम्ही.

ऑर्व्हल झेलेंका. वेल्डर. दुसरी पाळी.
सहा हजार आठशे बारा डॉलर,
व्याज वेगळं, वकील वेगळा,
समन्स बजावल्याचा खर्चही त्याच्याच माथी.
समन्स गेलं ते घर त्याने सोडून दोन वर्षं झालेली.
तारखेला तो आला नाही.
निकाल आला.

मूळ देणं फुटलेल्या अपेंडिक्सचं.
हॉस्पिटलने ते विकलं, घेणाऱ्याने पुढे विकलं.
आता धनको म्हणून जे नाव छापलंय
त्याला पोट नाही, पोटावर टाके नाहीत,
ओमाहात एक टपालपेटी आहे फक्त.

दारात कोणी येत नाही.
तगादा नाही, शिवीगाळ नाही,
भांडीकुंडी रस्त्यावर निघत नाहीत.
पगार त्याच्या हातात पडायच्या आधी
मध्ये एक हात येतो,
तो माझा.

दहा दिवसांत शपथेवर उत्तरं द्यायची.
हा माणूस तुमच्याकडे आहे का? किती मिळवतो?
कर जाऊन किती उरतं?
टाळाटाळ केली तर सगळं कर्ज कंपनीच्या गळ्यात.
आणि शेवटी, बारीक टायपात:
हा कुटुंबप्रमुख आहे काय?
होय असेल तर शंभरातले पंधरा.
नाही तर पंचवीस.

फाइलीत त्याचे अवलंबित: शून्य.

पण गुरुवारी मी उशिरा निघते
आणि त्याच्या पिकअपमध्ये, हीटर चालू ठेवून,
एक पोरगं वही मांडीवर घेऊन बसलेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं त्याला.
म्हणाला, मार्लाचा आहे. मार्ला गेली. हा राहिला.
कागदपत्रं?
कसली कागदपत्रं.
मग हातमोजे एकमेकांवर आपटत म्हणाला,
लिही, नाही म्हणून.
उद्या कोणीतरी येईल विचारायला, हा कुणाचा.

माझं काय घेणं-देणं, असं म्हणतात ना,
ते म्हणायची सोय या टेबलावर नाही.
इथे दुसरं काही नसतंच.

निघताना पिकअपजवळून गेले.
काचेला वाफ धरलेली. पोरगं पेन्सिल चावत
भागाकार करत होतं, बाकी उरत होती,
ती त्याला मान्य नव्हती.

शुक्रवारी सकाळी चौकटीत खूण केली: होय.
खाली सही. तारीख.

पगाराच्या दिवशी तो खिडकीशी आला,
चिठ्ठी उलटी-सुलटी करून पाहिली.
एकशे छप्पन कापलेत.
हो.
दोनशे साठ कापायला हवे होते.
हिशेब तपासलाय मी.
बराच वेळ उभा राहिला. मागे रांग खाकरायला लागली.
म्हणाला, कमी कापलंस म्हणजे जास्त दिवस कापशील.
व्याज काय तुझा काका भरणार?

खरं होतं ते.
पन्नासेक पगार. पोरगं तोवर सातवीत जाईल.

चिठ्ठीची चार घड्या केल्या त्याने, खिशात घातली,
आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता,
त्याचं नाव टोबिन आहे, म्हणाला.

मी ओमाहाचा चेक पाकिटात सरकवला,
कडेला जीभ लावली.
इतक्या वर्षांत डिंकाची चव बदललेली नाही.
टपालवाल्याने येऊन नवा गठ्ठा टेबलावर टाकला.
वरून तिसरं, जरा जाड.